तक्रारीनंतरचे दिवस

२७ नोव्हेंबर १९७३. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग ड्यूटी आटोपून कपडे बदलायला तळघरात गेल्या. तिथे त्यांच्यावर झडप घालणारा माणूस बाहेरून आलेला नव्हता. त्याच रुग्णालयात झाडलोट करणारा, रोज समोरून जाणारा-येणारा कामगार होता. कामावरून अरुणांनी त्याला खडसावले होते आणि त्याने डूख धरला होता. कुत्र्याच्या साखळीने त्याने त्यांचा गळा आवळला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि अरुणा त्यानंतर कधीच उठल्या नाहीत. खटला चालला तो खुनाचा प्रयत्न आणि जबरी चोरी एवढ्याचाच. आरोपी सात वर्षांची शिक्षा भोगून सुटला. अरुणांना केईएमच्या परिचारिकांनी, पिढ्या बदलल्या तरी, जवळजवळ ४२ वर्षे सांभाळले. १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या.

सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी त्यांच्या प्रकरणात निकाल दिला, तेव्हा देशभर चर्चा झाली ती दयामरणाची. हल्ल्याआधीच्या दिवसांची चर्चा त्या मानाने फार थोडी झाली. या माणसाचा त्यांच्यावर राग आहे हे कोणाकोणाला माहीत होते? त्याबद्दल दाद मागायची तर ती कोणाकडे? संध्याकाळच्या वेळी बायकांनी कपडे बदलायला तळघरात एकटीने जायचे, ही सोय कोणी ठरवली? प्रस्तुत पुस्तक अशा प्रश्नांचे आहे.

नोकरीच्या जागी, नोकरीच्या वाटेवर किंवा नोकरीतल्या नात्यातून सुरू झालेला छळ वाढत वाढत मारहाणीपर्यंत, जाळण्यापर्यंत, खुनापर्यंत किंवा त्रास सोसणाऱ्याच्या आत्महत्येपर्यंत कसा पोचतो, हा त्याचा विषय. वर्तमानपत्रात बातमी येते ती शेवटच्या दिवसाची, आणि तिच्यात ‘अचानक’ हा शब्द हटकून असतो. प्रकरणे नीट वाचत गेले की दिसते वेगळेच. त्याआधी आठवडे, महिने, कधी वर्षे गेलेली असतात. कोणीतरी पाठी लागलेला असतो, फोन येत असतात, फाटकाशी कोणीतरी उभा राहत असतो. कधी एखादा साहेब चारचौघांत वाटेल ते बोलत असतो. बहुतेक वेळा हे कोणालातरी सांगितलेलेही असते. मग उत्तरे येतात ती ठरलेली: ‘लक्ष देऊ नकोस’, ‘तुमचं आपापसातलं आहे, मिटवून घ्या’, ‘बदली मागून घे’, ‘गावात चर्चा होईल’. तक्रार आणि हल्ला यांच्या मधले हे दिवस वाया जातात आणि ते वाया घालवणारी माणसे साधी, सज्जन, ओळखीची असतात. पुस्तकाचा सारा भर या मधल्या दिवसांवर आहे.

हा विषय एकाच शास्त्राचा नाही. त्यात कायदा आहे, मानसशास्त्र आहे, कामगार चळवळ आहे आणि सगळ्यांत आधी स्त्री चळवळ आहे. नव्या वाचकाने सुरुवात करावी ती राजस्थानातल्या भटेरी गावापासून. भंवरीदेवी तिथे ‘साथिन’ होत्या, म्हणजे सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्या. १९९२ मध्ये एका तान्ह्या मुलीचे लग्न थांबवण्याचा प्रयत्न त्यांनी केला, कारण तेच त्यांचे काम होते. गावाने त्यांना वाळीत टाकले, त्रास सुरू झाला आणि त्या सप्टेंबरात त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडून दिले. त्याआधीच, १९९२ मध्ये, या अत्याचाराच्या संतापातून काही महिला संघटना ‘विशाखा’ या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. १३ ऑगस्ट १९९७ च्या निकालाने पहिल्यांदा सांगितले की, कामाच्या ठिकाणी सुरक्षितता देणे ही मालकाची आणि संस्थेची जबाबदारी आहे.

हे पुस्तक धाराशिव जिल्हा डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले आहे, म्हणून ही गोष्ट धाराशिवच्या वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावी. ज्या कायद्याची आज काचेच्या इमारतींतून प्रशिक्षणे होतात, तो जन्माला आला एका खेड्यात, दारोदार जाऊन सरकारी काम करणाऱ्या बाईच्या फिर्यादीतून. आपल्याकडच्या आशा ताई, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) यांची जातकुळी तीच. तरी कायद्याचा पाय आज सर्वांत लंगडा आहे तो याच बायकांच्या बाबतीत.

विशाखा निकालाने सांगितलेल्या तक्रार समित्या कागदावरच राहिल्या. पुण्याच्या ‘आलोचना’ संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले यांनी याबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने तेच याचिका म्हणून दाखल करून घेतले. १९ ऑक्टोबर २०१२ च्या निकालात न्यायालयाने बजावले की, तक्रार समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतला चौकशी अहवाल मानावा. पुन्हा वेगळी खातेनिहाय चौकशी लावून बाईला दुसऱ्यांदा उभे करू नये. मराठी स्त्री चळवळीचा हा मोठा वाटा आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. पुढे ९ डिसेंबर २०१३ पासून स्वतंत्र कायदा लागू झाला. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती, त्याहून लहान जागांसाठी आणि खुद्द मालकाविरुद्धच्या तक्रारींसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती. तक्रार तीन महिन्यांत करायची, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. चौकशी नव्वद दिवसांत. समिती नेमली नाही तर पन्नास हजारांपर्यंत दंड.

त्याच वर्षी, न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर, पाठलाग हा भारतीय दंडसंहितेत पहिल्यांदा स्वतंत्र गुन्हा झाला: कलम ३५४-ड, आता भारतीय न्याय संहितेचे कलम ७८. बाईने नको म्हटल्यावरही वारंवार संपर्क साधणे, तिच्या मागे जाणे, तिच्या इंटरनेट आणि ई-मेलच्या वापरावर पाळत ठेवणे हे सारे त्यात येते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पहिला गुन्हा मात्र जामीनपात्र आहे. तक्रार झाली, अटक झाली आणि माणूस संध्याकाळी घरी आला, तर त्या संध्याकाळपासून बाईच्या जिवाला धोका वाढतो की कमी होतो? पोलीस ठाण्याच्या पातळीवर हा प्रश्न विचारण्याची कोणतीही ठरलेली पद्धत आपल्याकडे नाही.

हिंगणघाटचे प्रकरण इथे थोडे जवळून पाहिले पाहिजे. ३ फेब्रुवारी २०२० च्या सकाळी एक तरुण प्राध्यापिका बसमधून उतरून कॉलेजकडे चालत निघाली होती. नांदोरी चौकात तिच्याच गावच्या, लग्न झालेल्या माणसाने तिच्या अंगावर पेट्रोल टाकून काडी लावली. तो तिच्या मागावर होता, आणि हे दोन्ही घरांत ठाऊक होते. १० फेब्रुवारीला नागपूरच्या रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. बरोबर दोन वर्षांनी न्यायालयाने आरोपीला जन्मठेप दिली. आता नकाशावर बोट ठेवून पाहावे. तो चौक कॉलेजच्या आवारात नव्हता. हल्लेखोर कॉलेजचा नोकर नव्हता. कामाच्या जागेसाठीचा कायदा मालकाने पुरवलेल्या वाहनापर्यंत पोचतो. एसटीतून उतरून पायी चालण्याच्या वाटेपर्यंत पोचत नाही. पण मारणाऱ्याला तिची वेळ, तिची बस, तिचा रस्ता कळला तो तिच्या नोकरीमुळेच. नोकरी माणसाला रोज ठरावीक वेळी ठरावीक जागी आणून उभे करते. पाठलाग करणाऱ्याला एवढेच पुरते.

त्या मृत्यूनंतर महाराष्ट्रात कडक कायद्याची मागणी झाली. विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये ‘शक्ती’ विधेयक मंजूर केले, परंतु राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा होऊ शकले नाही. संमती मिळाली असती तरी त्या विधेयकाचा मुख्य जोर फाशी आणि जलद खटल्यावर होता, म्हणजे सगळे घडून गेल्यानंतरच्या दिवसांवर.

ज्या घटनांमुळे जगात पाठलागाकडे पाहण्याची नजर बदलली, त्यांतली एक अमेरिकेतली आहे आणि ती थेट कचेरीतली आहे. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल इथे ईएसएल नावाच्या कंपनीत रिचर्ड फार्ली नावाचा कर्मचारी एका तरुण अभियंता सहकाऱ्याच्या मागे लागला. ओळख १९८४ ची. पत्रे, फोन, घराभोवती घिरट्या असे चार वर्षे चालले. तिने घरे बदलली. कंपनीने १९८६ मध्ये त्याला काढून टाकले आणि आपले काम संपले असे मानले. त्याचा पाठलाग थांबला नाही. २ फेब्रुवारी १९८८ रोजी तिने न्यायालयाकडून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. पुढची सुनावणी १७ तारखेला होती. १६ तारखेला तो बंदुका घेऊन कंपनीत शिरला आणि त्याने सात जणांना ठार केले. ती जखमी झाली, पण वाचली. १९९० मध्ये कॅलिफोर्नियाने पाठलागाविरुद्ध कायदा केला, तो अमेरिकेतला पहिला. या प्रकरणातून अभ्यासकांनी एक गोष्ट घेतली: नोकरीवरून काढणे आणि मनाई हुकूम ही दोन्ही पावले आवश्यक असली तरी ती पडतात तोच काळ सर्वांत धोक्याचा असतो, आणि त्या काळासाठी वेगळी तजवीज लागते.

इथून अभ्यासाच्या वाटा फुटल्या. ऑस्ट्रेलियातील पॉल मुलेन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये पाठलाग करणाऱ्यांचे पाच प्रकार मांडले. नकार न पचवणारा, जवळीक शोधणारा, प्रेमाची रीतच न कळणारा, सूड धरून बसलेला आणि शिकारीसारखा टपलेला. कचेरीतल्या प्रकरणांत पहिला आणि चौथा प्रकार समजून घेणे फार गरजेचे आहे. आपल्याकडे सरसकट ‘एकतर्फी प्रेम’ म्हणून सगळे एकाच गाठोड्यात बांधले जाते आणि मग ‘प्रेमच आहे, निवळेल’ असे म्हणायला मोकळीक मिळते. ब्रिटनमध्ये जेन मंक्टन स्मिथ यांनी जोडीदाराने केलेल्या ३७२ खुनांचा अभ्यास करून आठ पायऱ्यांची एक साखळी दाखवली. तो अभ्यास कचेरीतला नव्हे. तरीही खून हा क्षणाच्या रागाचा नसून त्याआधी ओळखता येणाऱ्या पायऱ्या असतात, हा त्यातला मुद्दा इथेही जसाच्या तसा लागू पडतो.

दुसरी शाखा स्वीडनची. हाइन्झ लेमन यांनी १९८० च्या दशकात कारखाने, शाळा, रुग्णालये पाहून दाखवून दिले की, एखाद्याला ठरवून, सगळ्यांनी मिळून, रोज थोडे थोडे मोडत नेणे हाही कामाच्या ठिकाणचा अपघातच आहे आणि तो माणसाला आत्महत्येपर्यंत नेऊ शकतो. १९९३ मध्ये स्वीडनने त्याविरुद्ध नियम केले. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने कामाच्या जगातील हिंसा आणि छळ यांवर १९० क्रमांकाचा करार केला. त्यात लैंगिक आणि इतर दोन्ही छळ, पुरुष आणि स्त्रिया, कामाची जागा आणि ये-जा, सगळे एकत्र धरले आहे. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. आपल्याकडचा २०१३ चा कायदा फक्त स्त्रियांसाठी आणि फक्त लैंगिक छळासाठी आहे. साहेबाने लैंगिक असे काहीही न करता माणसाला पिळून काढले, तर त्याच्यासाठी वेगळा कायदा नाही.

ही पोकळी किती खोल आहे, हे मेळघाटने दाखवले. हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी २५ मार्च २०२१ रोजी आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत त्यांनी आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यावर आरोप केले होते: माणसांसमोर अपमान, रजा अडवणे, गरोदरपणात जंगलात पायपीट करायला लावणे. त्याच्याही वरच्या अधिकाऱ्याला हे सांगूनही काही झाले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तस्करांना न घाबरणारी, अंगावर वर्दी असलेली राजपत्रित अधिकारीही आपल्याच खात्यात एकटी पडू शकते. ऑक्टोबर २०२५ मध्ये फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयातील तरुण डॉक्टरचा मृत्यू झाला. ती आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्याची लेक. एका पोलीस अधिकाऱ्यावरील आरोप तिने तळहातावर लिहून ठेवले होते. पोलिसांकडून कामात दबाव येतो, अशी लेखी तक्रार तिने काही महिने आधी केलेली होती. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. लेखी तक्रारीचे त्या मधल्या महिन्यांत काय झाले, याचा जाब मात्र व्यवस्थेने द्यायचा आहे.

शहरातली चकचकीत आवारेही याला अपवाद नाहीत. जानेवारी २०१७ मध्ये हिंजवडीच्या एका आयटी कंपनीत रविवारी एकटीच काम करणाऱ्या तरुणीचा खून तिथल्याच सुरक्षारक्षकाने केला. जानेवारी २०२५ मध्ये येरवड्यात कंपनीच्या पार्किंगमध्ये सहकाऱ्याने उसन्या पैशांच्या वादातून एका तरुणीवर कोयत्याने वार केले आणि आजूबाजूचे लोक पाहत उभे राहिले.

मग धाराशिवच का? कारण या विषयाची पुस्तके पुण्या-मुंबईच्या कचेऱ्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिली जातात, आणि या जिल्ह्यातले काम त्या साच्यात बसत नाही. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या या जिल्ह्यात काम म्हणजे शेत, साखर कारखाना, पतसंस्था, खासगी क्लास, तुळजापूरची दुकाने आणि लॉज, एसटी, शाळा, आरोग्य केंद्र. यातल्या कितीतरी जागी दहा माणसे नसतात. तिथे एकच आधार, जिल्ह्याची स्थानिक समिती. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये, गोवा विद्यापीठातील एका प्रकरणावरून सुरू झालेल्या खटल्यात, दहा वर्षांनंतरही कायद्याची अंमलबजावणी शोचनीय असल्याचे म्हटले. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच खटल्यात प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी नेमून ३१ जानेवारी २०२५ पर्यंत स्थानिक समिती स्थापन करा आणि तालुक्याला समन्वय अधिकारी द्या, असे आदेश दिले. कळंबच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीला ही समिती आहे हे कोणी सांगितले आहे का?

भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतो नवरा, फेडतात दोघे. कारखान्याच्या तळावर कोप्या पडतात. पहाटे अंधारात उठून स्वयंपाक, मग फड, मग मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरणे. न्हाणीघर म्हणजे चार काठ्यांना गुंडाळलेली साडी, तीही उजाडायच्या आत. या बाईला मुकादमाने, गाडीच्या ड्रायव्हरने किंवा शेतमालकाने त्रास दिला, तर तिचा मालक कोण? तिचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही. काम कोल्हापूर किंवा बेळगाव जिल्ह्यात, घर वाशी तालुक्यात. अर्ज कोणत्या जिल्ह्याच्या समितीकडे? तीन महिन्यांची मुदत तर हंगामातच संपते. आणि नवऱ्याला सांगितले तर भांडण होणार, भांडण झाले तर उचल अंगावर येणार. उचल फिटली नाही म्हणून मजुरांना डांबून ठेवल्याच्या, मारल्याच्या बातम्या वारंवार येतात. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. या पुस्तकाने ऊसतोडीला परिशिष्टात न टाकता मधोमध ठेवले, हा त्याचा सर्वांत मोठा गुण मानावा लागेल.

या जिल्ह्याजवळ दुसरी एक पुंजीही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर उमरगा-लोहारा पट्ट्यात बायका पहिल्यांदा मोठ्या संख्येने सार्वजनिक कामात आल्या. पुनर्वसनात गावोगावी ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या, प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोगाने महिला मंडळांना बळ दिले. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचे आवार आहे. याच संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि तो प्रयोग पुढे राज्य सरकारने स्वीकारला. पोलीस ठाण्यात समाजकार्यकर्ती बसलेली असली की बाई आधी तिच्याशी बोलते, फिर्याद नंतर होते. मधल्या दिवसांवर काम करणारी याहून चांगली रचना आपल्याकडे तयार झालेली नाही. ती तालुक्या-तालुक्यात जायला हवी.

पुस्तकाच्या मर्यादा सांगणेही भाग आहे. पुरुष कामगारांच्या छळावर त्यात कमी आहे, तृतीयपंथी कामगारांवर त्याहून कमी. जात कुठे कुठे तोंडी येते, पण तिचा वेगळा विचार झालेला नाही. फडावर आणि वीटभट्टीवर कोणाच्या बाईवर हात टाकला तर गाव गप्प राहते, हे जातीशिवाय सांगता येत नाही. पुढच्या आवृत्तीत ही उणीव भरून निघावी.

पुस्तकाने हाती घेतलेले काम मात्र स्पष्ट आहे. शेवटच्या दिवसाचे वर्णन शक्य तितके थोडक्यात, आणि आधीचे दिवस शक्य तितके तपशीलवार: कोणाला सांगितले, त्याने काय केले, कोणता कागद कोणत्या टेबलावर थांबला, कायदा काय करू शकत होता. मृत बाईच्या चारित्र्याची चौकशी त्यात नाही, मारणाऱ्याच्या दुःखाची कहाणीही नाही. मुख्याध्यापक, शाखाधिकारी, कारखान्याचा शेती अधिकारी, वैद्यकीय अधिकारी, ठाणे अंमलदार अशा माणसांनी ते वाचावे, या हिशेबाने त्याची भाषा ठेवली आहे. पहिली तक्रार त्यांच्यापाशी येते.

ज्यांना आज त्रास होतो आहे त्यांनी प्रस्तावना संपताच परिशिष्ट उघडावे. तिथे अर्जाचे नमुने आहेत. अर्ज लेखी द्या, त्यावर तारीख घाला, फोन आणि मेसेज पुसू नका, अर्जाची शिक्का मारलेली पोच घ्या आणि तिची एक प्रत घराबाहेरच्या विश्वासू माणसाकडे ठेवा. जिवाला धोका वाटला तर समितीची वाट न पाहता ११२ वर फोन करा. महिलांसाठी १८१ हा क्रमांकही आहे. आणि ज्यांच्या टेबलावर असा अर्ज येईल, त्यांनी तो त्याच दिवशी वाचावा.